सत्कारात कळलेली बातमी

जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या आमच्या मराठी मंडळाला साधा सिनेमा दाखवायचा तरी दीपप्रज्वलन लागे. भाड्याच्या हॉलमध्ये ज्योत पेटवायला मनाई, म्हणून समईत बॅटरीचे दिवे ठेवत आणि अध्यक्ष डोळे मिटून त्यांचं बटण दाबत.

त्या संध्याकाळचा सिनेमा मी निवडला होता. जुना, कृष्णधवल, हॉलिवूडचा. नवरा-बायको मिळून खुनाचा छडा लावतात, हातात सतत पेला आणि तोंडी एकमेकांची टिंगल. पाच वर्षं जर्मन घोकल्यावर मला गावच्या ग्रंथालयात नुकतीच कायमची नोकरी लागली होती. मी खुशीत होते.

सिनेमा जोडप्याचा, म्हणून आधी एका जोडप्याचा सत्कार. अध्यक्षांनी आम्हाला उभं केलं. सत्कार म्हटला की परिचय वाचायचा, तो त्यांनी नवऱ्याकडून मागवला होता. पदाशिवाय परिचय कसा द्यायचा, म्हणून त्याने नवं पद लिहून पाठवलं. बायकोला सांगायचं तेवढं राहिलं.

"एक तारखेपासून हे न्युरेम्बर्गच्या कारखान्यात विभागप्रमुख होताहेत," अध्यक्ष माइकवर म्हणाले. "वहिनी अर्थातच सोबत. एका आदर्श जोडीला आपण मुकणार!"

टाळ्या वाजल्या. माझ्या खांद्यावर शाल पडली.

अंधार झाल्यावर मी विचारलं, "नोकरीच्या करारावर सही केलीस?"

"सांगणारच होतो."

"कधी? सामानाच्या ट्रकमध्ये?"

"हळू. लोक बघताहेत."

"बघू देत. त्यांनाही माझ्याबरोबरच कळलंय."

पडद्यावरच्या नवऱ्याने काहीतरी लपवलं, तर कोट काढायच्या आत बायकोने ते ओळखलं. हॉल हसला. मला त्या बाईचा मनापासून राग आला.

मध्यंतरात अध्यक्ष वडा घेऊन आले. "वहिनी, ग्रंथालयं काय, तिकडेही असतात!"

"मंडळही असेल. तुम्हीही चला, अध्यक्ष हवाच असेल त्यांना."

ते वडा खात दुसऱ्या घोळक्याकडे गेले.

सकाळी नवऱ्याने टेबलावर घर सोडण्याची नोटीस ठेवली, क्यूंडिगुंग. भाडेकरारावर दोघांची नावं, म्हणून सह्याही दोन हव्या होत्या. त्याची झालेली होती. जर्मन कायदा मला ओळखत नव्हता, तरी त्या कायद्याने मला विचारलं होतं.

"इथे फक्त सही कर."

"वाचते आधी."

"अगं, त्यात वाचायचं काय? तीन ओळी आहेत."

तिन्ही ओळी वाचल्या. मग कागद सही न करताच त्याच्याकडे सरकवला, डबा घेतला आणि कामावर गेले.

एक तारखेला तो निघाला, तेव्हाही मी कामावरच होते.