ज्ञानू गवंड्याची वाटी

उंब्रजचा ज्ञानू गवंडी खचलेला पाया हातभरच उकरायचा, दगड-चुन्यानं भरायचा, मगच फुडं सरकायचा. कोयनेच्या भूकंपापासनं तो खड्ड्याच्या काठावर पाण्याची वाटी भरून ठेवायचा. पाणी हाललं की भाईर.

त्र्याहत्तर साली फौजेतनं आलेल्या लालासाहेबानं आपल्या घराची भिंत ट्रकच्या जॅकवर तोलली आन् शिमिट वतायला सगळा पाया एकदम उकरायला लावला. ज्ञानू भिंतीखाली आडवा पडून उकरत होता. त्यानं मान वळवली, तर वाटी रिकामी. पाणी सांडलं म्हंजे जमीन हालली. गुडघं सोलवटत तो भाईर आला.

"तात्या, मीच प्यालो की," लालासाहेब हसला. "जॅक हाय, भिताय कशाला?"

ज्ञानूनं वाटी पुन्हा भरून ठेवली, हात काढला. तरी पाणी थरथरतच राहिलं. तो वळेस्तवर लालासाहेब पळत रस्त्यावर पोचला होता.