व्हय म्हणजे येस

आमच्या कॉलेजच्या प्लेसमेंटवाल्या सरांइतका आशावादी माणूस अख्ख्या सोलापुरात सापडायचा नाही, आणि खरं सांगतो, मला त्यांच्या त्या आशेचा वीट आला होता. भर मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, हा गृहस्थ गळ्याला टाय आवळून हिंडणार. का, तर कंपनीवाले कधीही येतील. कंपनीवाले येत नाहीत, घाम येतो. त्यांची खोली जिन्याखाली. दारावर दोन पाट्या, एक 'करिअर मार्गदर्शन' आणि दुसरी 'समान संधी कक्ष'. आत जायचं तर दोन्ही पाट्यांखालून वाकून जावं लागतं. कपाटात काळ्या बुटांचा एकच जोड, मुलाखतीचा. एक पोरगा आत बूट घालून इंग्रजीत बोलतोय आणि पुढचा बाहेर मोज्यांवर उभा आहे, हे दृश्य मी कितीदा पाहिलंय. शिवाय पुण्याच्या कंपन्यांतल्या साहेबलोकांना शेंगाचटणीची पाकिटं पाठवायची. "एकदा चव लागली की येतात बघा," म्हणायचे. चटणी छान होती, एवढंच उत्तर यायचं.

सरावासाठी ते कुणाचीही मुलाखत घ्यायचे. एकदा माझ्या घरी पोहे खाताखाता बायकोला विचारलं, "वहिनी, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?" ती म्हणाली, "हितंच की. तुम्हाला पोहे वाढत." सर खूश. म्हणे, उत्तर स्पष्ट होतं, आत्मविश्वास होता, फक्त नजरेला नजर द्यायला हवी होती. वर्गातही हाच धोशा: विचारलं की लगेच उत्तर द्या, गप्प बसू नका, घाबरू नका. मी इतिहास शिकवतो. मला मागचं तेवढं दिसतं, पुढचं काही दिसत नाही. म्हणून मी म्हणायचो, सर, कशाला या पोरांना नादी लावता. त्यावर ते टाय सैल करायचे आणि परत आवळायचे.

मग गेल्या वर्षी आमच्याकडं एक पोरगी होती. मूळची मोहोळकडची, आई इथं टॉवेलच्या कारखान्यात शिलाई मशीनवर. पोरगी बी.कॉम.ला वर्गात पहिली. आई एकदा सरांकडं आली नि म्हणाली, "सर, माझ्या शेजारचं मशीन रिकामं हाय. मालक सारखा इचारतोय, पोरीला कवा आणतीस. तेवढं तिला तितं बसू दिऊ नका." सर म्हणाले, "नाही बसणार." असा शब्द कुणी देतं का कुणाला? त्यांनी दिला.

पुण्याची एक कंपनी फोनवर मुलाखत घ्यायला तयार झाली. ग्राहकांशी बोलायचं काम होतं. पोरगी जिन्याखाली फोनचा स्पीकर लावून बसली, आम्ही दोघं दाराबाहेर. मुलाखत इंग्रजीत. तिनं उत्तरं फाडफाड दिली, मी चाटच पडलो. शेवटी पलीकडच्या बाईंनी नुसते हो-नाहीचे प्रश्न सुरू केले, आणि भीती सरली तशी पोरीच्या तोंडून घरची भाषा आली. पुण्यात राहाल का? "व्हय." रात्रपाळी चालेल? "व्हय." सुरुवातीला पगार कमी असेल. "व्हय." प्रत्येक व्हयला सर आनंदानं माझा दंड दाबत होते.

संध्याकाळी बाईंचा सरांना फोन आला. "मुलगी हुशार आहे हो, पण उलट फार विचारते. पुणं म्हटलं, व्हाय? नाइट शिफ्ट म्हटलं, व्हाय? पगाराचं सांगितलं तरी व्हाय?"

सरांना आधी कळेचना. कळलं तेव्हा जीव भांड्यात पडल्यासारखे हसले. "मॅडम, ते व्हाय नव्हे, व्हय. आमच्याकडं व्हय म्हणजे येस." बाईही हसल्या. भली बाई असावी, अगदी मनमोकळं हसल्या. मग म्हणाल्या, "पण सर, कस्टमरलाही तसंच ऐकू येणार ना?"

सरांनी नंतर परत परत फोन केले. तेवढा एक शब्द मी तिला सोडायला लावतो म्हणाले, अगदी अजिजीनं. जागा भरली होती. पुढं दुसरीकडंही काही जमलं नाही. मला वाटायचं, एकदा आशा सुटली की हा माणूस आमच्यासारखा होईल, स्टाफरूममध्ये चहाला बरी सोबत होईल. आशा सुटली. टाय नसलेला त्यांचा गळा मला बघवेना.

परवा ते त्या कारखान्यावर जाऊन आले. दुपारच्या सुट्टीत मायलेकी फाटकापाशी डबा खात बसल्या होत्या. पोरीनं उठून नमस्कार केला, खायचा आग्रह केला. आई मान वर करेना. सरांनी विचारलं, "बरं चाललंय ना गं?"

"व्हय," ती म्हणाली.

मला हे सांगताना सर खिडकीबाहेर बघत होते. "जन्मभर हा शब्द ऐकत आलोय हो," म्हणाले, "पण त्या दिवशी मलासुद्धा तो इंग्रजीतलाच ऐकू आला."