स्लाइडच्या म्हणण्यानुसार अप्पा बोललेच नाहीत

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातल्या कशावरच माझा विश्वास नव्हता, आजही नाही. माझं कामच तसं होतं – एका मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात. माणूस गेल्यावर त्याच्या अवयवाचे पातळ काप काढायचे, काचेच्या स्लाइडवर घेऊन रंगवायचे, मायक्रोस्कोपखाली बघायचे. काचेवर दिसतं ते खरं, बाकी सगळं ऐकीव. म्हणूनच हे लिहिताना शरम वाटते. सहकाऱ्यांपैकी कुणालाही मी हे कधी सांगितलं नाही. घरच्यांना सांगितलं, त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

आमचं गाव ताडकळस, परभणी जिल्हा. नामांतराच्या आंदोलनाचा काळ. मराठवाडा विद्यापीठाची पाटी अजून बदलायची होती, मधूनच कुठंतरी बंद असायचा आणि गावी येताना मी पूर्णा स्टेशनवर एस.टी.ची वाट बघत अडकून पडायचे. बाजारपेठेत आमचं कापडाचं दुकान, मागच्या बाजूला घर. आम्ही लिंगायत. माझे वडील – अप्पा – गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय चहाचा घोट घेत नसत. तापट माणूस. शब्दाला पक्का आणि इज्जतीला फार जपणारा.

साठी उलटली आणि ते विसरायला लागले. आधी गिऱ्हाइकांची नावं, मग कापड मोजता मोजता आकडा, मग घराची वाट. मायला एकदा म्हणाले, "बाई, तुमी कुणाच्या?" पूजा सुटली. उलट लिंग तोंडात घालून चघळायचे, लहान मूल चघळतं तसं... आणि पाहुणे आले की माय पदरानं ते झाकायची.

मग एका बाजाराच्या दिवशी अप्पा अंगावर सूतही न ठेवता दुकानाच्या पायऱ्या उतरले आणि भर गर्दीत जाऊन उभे राहिले. दादानं – माझ्या मोठ्या भावानं – धावत जाऊन त्यांना धोतर गुंडाळलं. काही लोक हसले, काहींनी माना फिरवल्या. दादा म्हणायचा, हसणाऱ्यांचं काही नाही, पण माना फिरवणारे अजून डोळ्यांसमोर येतात. त्या दिवसापासून माय त्यांना जुन्या लुगड्यानं ओसरीच्या खांबाला सैलसर बांधून ठेवायला लागली.

मायची पक्की समजूत होती की ते हे मुद्दाम करतात.

"जल्मभर माझ्यावर डाफरले, आता असा सूड घ्यायलेत," ती म्हणायची.

मी म्हणायचे, "माय, हा मेंदूचा आजार आहे."

"आजार असता तर ताप आला असता. तोंडाला अन्न लागंना झालं असतं. ह्यांना दोन वेळा जेवाया पायजे, निस्ती मी वळखू येत न्हाई!"

मी रजा काढून गेले होते तेव्हाची गोष्ट. अप्पांच्या तोंडून वर्षभर एक धड वाक्य आलं नव्हतं. 'बा... बा... बा...' एवढंच. त्याही दिवशी बाजार होता. दादा-वहिनी दुकानात, माय गिरणीवर दळण आणायला गेलेली. सकाळचं ऊन ओसरीवर आलं होतं आणि मी चमच्यानं अप्पांना वरणभात भरवत होते.

त्यांनी माझं मनगट धरलं.

"सुमन, कवा आलीस?"

चमचा माझ्या हातून पडला. डोळे... डोळे अप्पांचे होते. गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला जोखायचे ते.

"पाणी दे हातावर," म्हणाले. मी दिलं. हात धुतले, कोनाड्याकडं बोट दाखवून विभूती मागितली, कपाळावर तीन बोटं आडवी ओढली. लिंग तळहातावर घेऊन डोळे मिटले. मी श्वाससुद्धा जपून घेत होते – मोठ्यानं घेतला तर हे सगळं मोडेल, असं काहीतरी वाटत होतं.

डोळे उघडल्यावर त्यांची नजर कमरेच्या लुगड्यावर गेली.

"मला बांधलंय?"

"पडू नये म्हणून, अप्पा."

"मी बाजारात गेलतो का? तसा?"

"नाही हो. कुणी सांगितलं?"

"खोटं बोलू नकू. तुला जमत न्हाई." त्यांची मान खाली गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी अप्पांना मान खाली घातलेलं बघत होते. मग म्हणाले, "तू तिथं मेलेल्या मान्सांची डोकी उघडून बगतीस ना?"

"अप्पा, असलं काय बोलता..."

"माझं बग. काय झालंय ते बग, आन् तुझ्या मायला सांग – मी मुद्दाम न्हाई केलं म्हनावं."

मी दुकानाकडं पळाले. दादाला ओढतच आणलं. आलो तर अप्पा खांबाला टेकून ओठ हलवत होते. बा... बा... बा. दादानं हाका मारल्या, खांदा हलवला. काही नाही. कपाळावर विभूती तेवढी होती.

"तूच लावलीस," दादा म्हणाला. रागानं नाही, कीव आल्यासारखा.

आठवडाभरात न्यूमोनिया झाला. परभणीला दवाखान्यात नेलं, तिथंच अप्पा गेले. मी मायला कोपऱ्यात घेऊन अप्पांचं म्हणणं सांगितलं. मेंदू काढून तपासायचा तर तिची परवानगी हवी होती. ती म्हणाली, "ते म्हनले असतील तर कर."

दादा दवाखान्याच्या आवारात ओरडला, "बापाला गिनिपिग करायलीस? तुला अभ्यासाला डोकं पायजे म्हून ही कहाणी रचलीस!" लोक गोळा झाले. माझ्याकडं पुरावा काय होता?

आमच्यात माणसाला बसवून समाधी देतात. मेंदू काढल्याचे टाके झाकायला अप्पांच्या डोक्याला रुमाल बांधला होता, तरी खड्ड्यात बसवताना तो मागं सरकला. भावकीतल्या सगळ्यांनी बघितलं. विधी करणाऱ्या स्वामींचा मंत्र क्षणभर थांबला. माझ्या शेजारी त्यानंतर कुणी उभं राहिलं नाही.

अप्पांचा मेंदू मी स्वतः आगगाडीनं कॉलेजला नेला. त्याबद्दल याहून जास्त लिहवत नाही.

काप आमच्या सरांनी बघितले. आठवण आणि भाषा जिथं राहतात ते भाग आक्रसून गेलेले. पेशींमध्ये चांदीच्या रंगद्रव्यानं काळ्या पडलेल्या, ज्योतीच्या आकाराच्या गुंतवळी. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्या गुंतवळी म्हणजे एकमेकांना पीळ घातलेले दोन-दोन तंतू, मैलोन् मैल सुतळी पडल्यासारखे. पेशीतल्या वाटा सावरून धरणारं एक प्रथिन असतं. ते जागचं सुटतं, त्याची घडी चुकते, आणि मग शेजारचंही तशीच चुकीची घडी घालून त्याला चिकटतं. ठाणावर ठाण रचावं तशी चळत वाढत जाते. आता तर त्या घडीचा आकारही दिसतो, इंग्रजी 'सी'सारखा. ही घडी पुन्हा उलगडल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

सर म्हणाले, "हा पेशंट शेवटचं वर्षभर एक वाक्यसुद्धा बोलला नसणार."

"नाही सर," मी म्हणाले. त्यांच्यासमोर दुसरं काही बोलायची लाज वाटली.

अप्पांच्या सांगण्यावरून मी ती काच केली होती, आणि अप्पा तसं सांगूच शकत नव्हते, हे तीच काच सांगत होती. दादाची बाजू माझ्याच हातांनी पक्की झाली. पुढं वाचनात आलं की असे रुग्ण मरणाच्या आधी कधीकधी थोडा वेळ लख्ख शुद्धीवर येतात. त्याला नावही दिलंय. पण त्या गुंतवळींतून वाट कशी निघते, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मायला सांगायला गावी गेले. दादा घरात होता, पण बाहेर आला नाही.

"माय, त्यांनी मुद्दाम काही केलं नाही. डोक्यात काही शिल्लकच राहिलं नव्हतं."

ती गहू निवडत होती. हात थांबले. "लय बोलले गं मी त्यांना," म्हणाली आणि पदरात तोंड घालून रडली. मग डोळे पुसून विचारलं, "काहीच राहिलं नव्हतं, तर तुझ्याशी कसे बोलले?"

"माहीत नाही, माय. पण बोलले. शपथ."

"मी कुठं न्हाई म्हनाले." तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. "पर बोलता येत होतं, तर माझ्याशी का न्हाई बोलले? न्हाऊ-धुऊ मी घालत होते. तू तर पाहुणी."

मी तिच्या सुपातले खडे वेचायला लागले. माय जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तिच्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचं – ते बोलले कसे, याचं – उत्तर कदाचित कुणी शोधून काढेलही.