वाणावरचा कर

आधी तो चहा संपवा बाई. नाय तर ऐकता ऐकता ठसका लागायचा अन् माझ्या डोक्यावर आणखी एक पाप! माझी फजिती अशी तशी नाय. समुद्रापलीकडून, शिक्के मारून, घरपोच आलेली फजिती आहे ती. वर तिच्यावरचा सरकारी कर भरून मी ती स्वतःच्या हातानं सोडवून घेतली. आहे का कुणाची अशी?

गोष्ट यंदाच्या संक्रांतीची. आमच्या पुंडलिकनगरातल्या गल्लीत हळदीकुंकू सगळ्यांकडं होतं, पण पहिलं माझ्याकडं. का? तर मी इथं सगळ्यांच्या आधी राहायला आले. तेव्हा रस्तासुद्धा नव्हता, कुत्रीही विचार करून यायची! म्हणून मान माझा. मी वाण काय लुटते ते बघून बाकीच्या आपलं ठरवतात. मी चाळणी दिली की गल्लीभर चाळण्या. मी डबी दिली की डब्याच डब्या. एवढी सत्ता नगरसेवकाची तरी असते का?

आणि वाण कुठून? तर शमीमकडून. गल्लीच्या तोंडाशी तिचं छोटंसं दुकान. बांगड्या, पिना, क्लिपा, आरशाच्या डब्या. माझ्याहून लहान, मला अम्मा म्हणते. दिवाळी सरली की शहागंजच्या ठोक बाजारात जाऊन माझ्यासाठी वाण बघून ठेवायची. हळदीकुंकवाच्या दिवशी टोपली घेऊन यायची, सगळ्यांना बांगड्या भरायची, तिळाचा लाडू खायची आणि जाताना वाण घेऊन जायची. तिनंच विकलेलं वाण तिलाच द्यायचं! दरवर्षी आम्ही दोघी यावर हसायचो.

या दिवाळीनंतर मात्र ती हसली नाही. म्हणाली, “अम्मा, आता निभत नाही. पोरी सगळं मोबाईलवर मागवतात. ही संक्रांत चांगली गेली तर दुकान ठेवते. नै तो शटर गिराके बेटीके पास अजिंठ्याला जाते.”

मी छाती पुढं काढून म्हणलं, “कुठं जाती? मी हाय ना! माझं वाण तुझ्याकडंच. अन् गल्ली माझ्या मागं.”

झालं. एवढं बोलून मी घरी आले आणि माझी सून वैशाली हिच्या मोबाईलमध्ये मला ती नळी दिसली.

कसली नळी विचारा. रबराची, वीतभर सुद्धा नाही. आत लसणाच्या पाकळ्या टाकायच्या, ओट्यावर ठेवून वरून हात फिरवायचा, की साल एकीकडं अन् लसूण एकीकडं! मी जन्मभर ठेच्याचा लसूण सोलून सोलून नखं झिजवलेली बाई. मला तर ती नळी देवानंच पाठवल्यासारखी वाटली.

“वैशाले, हेच वाण!”

“अहो आई, हे परदेशातून येतं. इतक्या एकदम मागवल्या तर कर लागेल.”

“अन् एकच मागवली तर?”

“तरी लागतो म्हणतात. आधी भेट म्हणून लिहिलं की लहानसहान वस्तू सुटायच्या. आता ते बंद केलंय.”

‘सुटायच्या’ इथपर्यंत मी ऐकलं. पुढचं ऐकायला माझे कान तयारच नव्हते.

“भेट म्हणजे वाणच की! आणि वाणाला कर? अगं, निजामानंसुद्धा कुणाच्या वाणाला हात लावला नव्हता! तू असं कर. प्रत्येक बाईच्या नावानं एकेक पुडकं पाठव, तिच्या घरच्या पत्त्यावर. एवढ्याशा नळीपायी कोणता साहेब खुर्चीतून उठणार आहे? अन् गल्लीलाही कळू दे, आजीचं वाण घरपोच येतं!”

“बघा हं आई. मग नावं?”

“भिशीच्या ग्रुपवर आहेत ना सगळ्यांची? टाक सगळी. एक बाई सुटायला नको.”

वैशालीनं टाकली. सगळी. ती शाळेत शिकवते ना, एक नाव गाळायची नाही. आणि त्या ग्रुपवर नव्या बांगड्यांचे फोटो कोण टाकतं? शमीम! पण माझ्या डोक्यात तेव्हा फक्त लसूण होता हो.

पुढं मी शमीमला सरळ सांगायला पाहिजे होतं की बाई, यंदा वाण नको. सांगायलाच गेले होते. पण दुकानात आमच्या समोरची सुनंदा आणि आणखी दोघी-तिघी उभ्या, अन् विषय नेमका तोच. शमीम म्हणत होती, “बाहेरच्या छोट्या मालावर टॅक्स लावला, अच्छाच किया. मी पिनेचं पाकीट आणलं तरी टॅक्स भरून आणते, गाळ्याचं भाडं देते. वो उधर बैठा, ना टॅक्स ना भाडा. मग माझी पिन महाग दिसणार नाही तर काय?”

बरोबर बोलत होती. पण मला गप बसवतंय का? माझी नळी विमानात बसलेली!

मी म्हणलं, “व्हय गं, पण गरिबाच्या पोरीनं हौसेनं एक क्लिप मागवली तर तिच्यावर कसला कर? सोनं आणणाऱ्याला धरा, मोटारी आणणाऱ्याला धरा. क्लिपेवर काय राज्य चालतं का?”

“अम्मा, क्लिपेवर माझं दुकान चालतं ना.”

“अगं, ज्याला जिथं स्वस्त मिळंल तिथं तो घेणार! जग असंच हाय.”

सुनंदा खिदळली. “आजींना दिल्लीला पाठवा!” दुसरी म्हणाली, “मग काय, आजी म्हणतात तर आपणही मोबाईलवरच बघू वाण.”

मी जिंकले! शमीमनं काउंटरवरच्या बांगड्या नीट लावल्या आणि हळूच विचारलं, “हौ अम्मा. तुम्ही वाण बघायला कधी येता? काढून ठेवलंय.”

आता एवढ्या भाषणानंतर मी काय सांगणार? म्हणलं, “येते की. घाई काय?” आणि चप्पल घालून सुटले. जिंकलेली बाई इतक्या लगबगीनं कधी पळते का, तुम्हीच सांगा.

हळदीकुंकू दोन दिवसांवर आलं आणि गल्लीत आरडाओरडा. दार उघडते तर काय, सुनंदा पुढं, मागं आठ-दहा बायका, एकीच्या हातात लाटणं, आणि मधे एक घामाघूम पोस्टमन! आमचा नेहमीचा रजेवर, हा बदलीवर आलेला. भला माणूस, पिशवी छातीशी धरून उभा.

“आजी, चोर पकडला! प्रत्येक घरी जातो अन् म्हणतो, परदेशातून पार्सल आलंय, कस्टमचे पैसे भरा. परदेशातून कुणी काही मागवलेलं नाही!”

आता खरं सांगा, असले मेसेज सगळ्यांच्याच मोबाईलवर येतात की नाही? पार्सल अडकलंय, पैसे भरा, अन् भरले की बँक साफ! वैशालीनं मला दहादा बजावलेलं, आई, कस्टम म्हणलं की समजायचं, लबाड.

मी पदर खोचला. “का रे बाबा, लाज नाही वाटत? बायकांना लुटतो? अंगावर खाकी चढवली की पोस्टमन होतो व्हय?”

“आजी, हे बघा ओळखपत्र…”

“ओळखपत्र तर आजकाल म्हशीचं पण मिळतं!”

तुम्ही म्हणाल, आजी, तुम्हाला तेव्हा तरी नळी आठवली नाही? नाही आठवली! कशी आठवणार? माझ्या नळीला कर लागणारच नव्हता ना!

पोस्टमन रडकुंडीला आला. म्हणाला, “फोडा एक पुडकं. माझ्या जिम्मेदारीवर फोडा.” सुनंदानं पुडकं फाडलं आणि आतून निघालेली वस्तू वर धरली.

हिरवीगार. रबराची. वीतभर सुद्धा नाही.

बायका म्हणतात, “अगं बाई, हे काय?” आणि मी, जिला सगळं येतं, ती मी उंबऱ्यावर बसले. तोंडातून एवढंच निघालं, “लसणाची.”

“काय लसणाची?”

“नळी. वाण हाय ते. माझं.”

तशी सुनंदानं विचारलं, “म्हणजे आजी, तुमच्या वाणाचा कर आम्ही भरायचा?”

हसून हसून बायका भिंतीला टेकल्या. लाटणंवाली तर खालीच बसली. मी पोस्टमनपुढं हात जोडले. “दादा, चुकले. पण भेट आहे हो ती. भेटीवर कसला कर?”

“आजी, भेट म्हणलं तरी सुटत नाही आता. राखी असती तर सोडली असती म्हणतात.”

आता संक्रांतीला राखी कुठून आणू? आणि पुढचं ऐका. कर तसा किरकोळच. पण प्रत्येक पुडक्यामागं पोस्टाचे पैसे वेगळे. सगळ्या नळ्या एका खोक्यात आल्या असत्या तर ते एकदाच लागले असते. मी हुशारी करून त्याची इतकी पुडकी केली होती की नळीपेक्षा टपाल महाग! आमचे मालक आतून म्हणाले, “थांब, पाकीट आणतो,” आणि ते पाकीट आणेपर्यंत त्यांचे खांदे हलताना बघून मला कळलं, तेही हसतायत.

पैसे देऊन झाले. पोस्टमन पावती देत म्हणाला, “सगळी गल्ली माझ्यावर धावली आजी. एक त्या कोपऱ्यावरच्या बांगडीवालीनं तेवढं मुकाट पैसे भरून पुडकं घेतलं.”

माझं हसं झालं त्याचं काही नाही. पण हे ऐकलं आणि तशीच निघाले, पदर खोचलेलाच.

शमीम स्टुलावर बसलेली. समोर नळी. फोडलेल्या पुडक्यावर बारीक अक्षरांत माझं नाव पाठवणारीण म्हणून छापलेलं. बाकीच्या बायकांनी ते वाचलंच नव्हतं.

“शमीम, तू कशाला भरलेस पैसे?”

“तुमचं नाव होतं अम्मा. गिफ्ट लिहिलं होतं. गिफ्ट परत कसं करायचं?” मग थोडं हसून म्हणाली, “और टॅक्स लगना चाहिए, ये तो मैंच बोली थी ना.”

त्यापेक्षा तिनं मला शिव्या द्यायला पाहिजे होत्या.

“ते वाण दे मला. तू काढून ठेवलेलं. सगळं दे. आत्ता.”

“वो तो शहागंजला परत केलं, परवा. वाट बघितली अम्मा. कुणीच आलं नाही. सगळ्यांनी मोबाईलवर मागवलं.”

“माझ्यामुळं.”

“नै नै, अकेले तुम्हारे वजेसे कैसे? जग असंच हाय.”

माझंच वाक्य. तिनं टोमणा मारला नाही हो, खरंच समजूत घालत होती माझी. म्हणून तर जास्त लागलं.

हळदीकुंकवाला ती आली. टोपली घेऊन आली, सगळ्यांना बांगड्या भरल्या, लाडू खाल्ला. नळीवर चेष्टा झाली तेव्हा तीही हसली. नळी म्हणाल तर ती परदेशी लसणाची, बोटाएवढ्या पाकळीची. आपल्या गावरान लसणाची पाकळी नखाएवढी. आत टाकली की नुसती फिरत बसते, साल निघत नाही. गल्लीभर त्या नळ्या लहान लेकरं डोळ्याला लावून दुर्बीण म्हणून हिंडतात.

रथसप्तमी झाली आणि शमीमनं शटर खाली घेतलं. अजिंठ्याला लेकीच्या दारात टोपली घेऊन बसते आता. मी जाऊन येते म्हणते, पण गेल्यावर काय बोलायचं तेच ठरत नाही. कर लावावा का नाही ते मोठ्या लोकांनी ठरवावं. मला विचाराल तर आता मी कोणत्याच बाजूनं भाषण करत नाही.

परवा भाचीचं लग्न निघालं कन्नड गावी. हातातल्या बांगड्या पिचलेल्या. वैशाली मोबाईल घेऊन बसली. “आई, मागवते तुमच्यासाठी हिरव्या. नंबर सांगा.”

“कसला नंबर?”

“तुमच्या हाताचं माप हो. बांगडीचा नंबर.”

मी हात पुढं केला. उलटा केला, सुलटा केला. सगळ्या गल्लीच्या कुंडल्या पाठ असलेली बाई मी. कुणाच्या सुनेला कितवा महिना, तेसुद्धा सांगीन. पण इतकी वर्षं शमीमनं नुसता पंजा दाबायचा अन् खोक्यातून बरोबर डझन काढायची. मी कधी विचारलंच नव्हतं.

लग्नाला गेले बघा, त्याच पिचलेल्या बांगड्यांवर, दोन्ही हात पदराखाली झाकून.