बासष्ट फोटोंचे पत्ते

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला बदलापुरात वेबसाइट बनवणारे आम्ही दोघंच होतो, आणि दुसरा आजारी होता. विठ्ठलवाडीच्या क्लासमध्ये मी तीन महिने शिकलो होतो, म्हणजे तीन महिने फी भरली होती. तेवढ्या जोरावर कात्रपच्या काकांना शब्द दिला. काका आमच्या बौद्ध समाजाचं वधू-वर मंडळ चालवायचे.

"तो अल्बम माळ्यावर टाका, काका. लोक सायबर कॅफेत बसून फॉर्म भरतील, फोटो जोडतील, बटण दाबतील. मेळाव्याला थेट पडद्यावर."

बासष्ट फॉर्म आले. त्यातला एक माझ्या ताईचा. तेहेतीस वर्षांची ताई याआधीच्या पाच मेळाव्यांत अल्बमच्या पानापानांत चेपली गेली होती. या वेळी ती स्वतः स्टुडिओत गेली, शेजारच्या सिंधी वसाहतीतल्या, कॅम्प दोनच्या कॅफेत बसून फॉर्म भरला आणि घरी येऊन म्हणाली, "हा शेवटचा. यानंतर विषय काढायचा नाही."

मेळावा रविवारी. शनिवारी सकाळी काकांना शेजारी बसवून मी फोटोंचा फोल्डर उघडला. रिकामा.

"येतायत," मी म्हणालो.

"कधीपर्यंत?"

"सर्व्हर अमेरिकेत आहे, काका. तिकडे आता रात्र आहे."

काका समजुतीने मान हलवून चहा टाकायला आत गेले. फॉर्मसोबत फाईलही जाणार असेल तर तसं पानात एका शब्दाने लिहून ठेवावं लागतं. मग ब्राउझर फाईलसाठी वेगळा कप्पा करतो. तो शब्द मी लिहिलाच नव्हता. स्वतःचं नाव टाकून हा फॉर्म मी चाळीसदा तपासला होता, पण फोटो एकदाही जोडला नव्हता. त्यामुळे नाव, शिक्षण, नोकरी सगळं पोचलं आणि फोटोच्या जागी आला फोटोचा पत्ता: अमुक कॉम्प्युटर, अमुक फोल्डर, अमुक फाईल.

पत्ता तर पत्ता. पोस्टमनलाही तेवढाच लागतो. बहुतेक कॅफेवाल्यांनी कॉम्प्युटरला आपल्याच कॅफेचं नाव दिलं होतं. मी मित्राची लुना आणि पेनड्राइव्ह घेऊन निघालो. त्या दिवशी ती लुना विमानाच्या वेगाने धावली, अंबरनाथच्या चढावर तर मीच तिला धावत नेलं. घरून फॉर्म भरलेल्यांच्या दारात जाऊन "तपासणी आहे" असं सांगितलं, आणि लोकांनी पाणीसुद्धा दिलं. चार वाजेपर्यंत एकसष्ट फोटो खिशात होते.

उरला ताईचा. कॅम्प दोनच्या कॅफेवाल्या सिंधी शेठने पडद्यावरून नजर न काढता सांगितलं, "साईं, वो मशीन तो कल फॉरमॅट मारा. वायरस था."

स्टुडिओवाल्याने ताईला फोटो फ्लॉपीवर दिला होता. ती फ्लॉपी घरी येईपर्यंतच मेली होती, आणि स्टुडिओला आता कुलूप.

ताई साडीला इस्त्री करत होती. मी सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीही न वाढवता.

"म्हणजे काहीच गेलं नाही?"

"माहिती सगळी गेली. फक्त तू गेली नाहीस."

"गधड्या."

"जुना एखादा लावू का?"

"कुठला? चुलतभावाच्या लग्नातला, डोळे मिटलेला? राहू दे कोरा."

रविवारी अंबरनाथच्या हॉलमध्ये एकेक फोटो पडद्यावर सरकत होता आणि मी खुर्चीच्या फक्त कडेला टेकलो होतो. ताईची पाळी आली. नाव, वय, नोकरी, आणि शेजारी पांढरा चौकोन. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

"फोटो उपलब्ध नाही," काका माइकवर म्हणाले.

तिसऱ्या रांगेतून ताई उठली. "उपलब्ध आहे. बघून घ्या." चालत पुढे गेली, काकांच्या हातातून माइक घेतला. "जय भीम. नोकरी सोडणार नाही, बदलापूर सोडणार नाही. स्वयंपाक बरा येतो. विचारायचं असेल ते आत्ता विचारा."

प्रोजेक्टरचा पंखा तेवढा हेलिकॉप्टरसारखा वाजत राहिला. मग यादीत तिच्यानंतर असलेली मुलगी उठली, "मीपण समोर येऊनच बोलते." मग रांगच लागली. काकांनी मला प्रोजेक्टर बंद करायला सांगितलं.

दुपारी ताईकडे तीन स्थळं चालून आली. दोघांना तिने उभ्या उभ्या वाटेला लावलं. तिसऱ्याचे वडील फॉर्ममधलीच माहिती पुन्हा विचारू लागले, तर त्यांच्या मुलाकडे वळून म्हणाली, "तुम्ही का गप्प? चला, खाली चहा घेऊ."

मी सोबत निघालो, तर म्हणाली, "तू नको."