कागदावर मांडलेला कारखाना

"मोठी मूर्ती नाय केली तर पेणच्या बाहेर आपल्याला कोण ओळखणार रे कमळाकर?"

"आणि पाट घेऊन दारात उभे राहतात त्यांना काय सांगू? दादाला ओळख हवीय, तुम्ही पुढच्या वर्षी या?"

"तुझं आपलं पाट, पाट आणि पाट!"

"पाटांवरच लहानाचा मोठा झालास, दादा."

हे भांडण चाललं होतं पेणमधल्या एका गणपतीच्या कारखान्यात, शाडूच्या ढिगाशेजारी. भांडणारे सख्खे भाऊ. थोरला जनू, धाकटा कमळाकर. आणि कच्च्या मूर्तींच्या फळ्यांमागे, फ्रॉकच्या ओच्यात चिंचा घेऊन बसलेली जनूची मुलगी निशिगंधा सगळं कान देऊन ऐकत होती. बापाला चहाला बोलवायला आली होती. घरी चहा निवला, त्यावर साय आली, तरी पोर उठली नाही. मोठ्यांच्या भांडणात जी चव असते ती चिंचेला कुठली यायला!

पाटाचं जरा सांगायला हवं. घरातला बसायचा लाकडी पाट आषाढात कारखान्यात नेऊन द्यायचा, मागच्या अंगाला खडूनं नाव लिहून. चतुर्थीला त्या घरचा गणपती त्याच पाटावर बसून घरी येतो. पाट ठेवला की बोलणं संपलं, पावती मागायची नाही. कमळाकर आपला टेम्पो घेऊन रोहा, अष्टमी, वरसे अशी गावं फिरायचा आणि पाट गोळा करून आणायचा. जनूला मात्र मुंबईच्या मंडळांच्या उंच उंच मूर्तींचं वेड. दोघांचं भांडण मिटलं असं कधी झालं नाही, नुसतं थांबलं. एका छपराखाली, एका मातीतून, दोघंही आपापलं करत राहिले.

निशिगंधा शिकली, कम्प्युटरचा क्लास केला, लग्न होऊन वरशाला आली. रोह्याजवळच्या एका मोठ्या कंपनीच्या हापिसात तिला नोकरी लागली. त्या कंपनीत तेव्हा गंमत होती. गेटवर एक कम्प्युटर, गोदामात दुसरा, पगाराला तिसरा, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नसे. जसे एका घरातले अबोला धरलेले भाऊच. मग साहेबांनी चार माणसं बसवली आणि सांगितलं, आधी सगळी कंपनी कागदावर मांडा. निशिगंधा त्या चारांतली एक.

मांडायचं कसं? सगळ्यात वर, कंपनीला नेमकं काय साधायचंय ते. त्याखाली, ते साधायला कोणकोणती कामं लागतात. त्याखाली, त्या कामांना कोणती माहिती लागते आणि ती कुणाकडून कुणाकडे जाते. आणि अगदी तळाला, कम्प्युटर आणि त्यातली सॉफ्टवेअरं. या मांडणीला 'एंटरप्राइज आर्किटेक्चर' असं लांबलचक नाव आहे. नावाला घाबरायचं कारण नाही. लोक उलट्या बाजूनं सुरू करतात, एवढाच मुद्दा. आधी भलंमोठं पातेलं विकत आणायचं आणि मग घरच्यांना विचारायचं, आज काय शिजवू? निशिगंधेला हे काम असं आवडलं की पुढं तिनं आयुष्यभर तेच केलं. सासूबाईंनी तर शेजारी सांगून टाकलं होतं, "आमची सून कंपनीत आर्किटेक्ट आहे, तुमच्या जिन्याचं तिलाच विचारा की." वरशात तेव्हा घरावर घर उठत होतं. ती बिचारी लोकांचे जिने बघायची, "दोन पायऱ्या कमी करा" म्हणायची आणि चहा घेऊन यायची.

जनू गेला. कमळाकर थकला. कारखाना आला पुढच्या पिढीकडे, म्हणजे निशिगंधेचा धाकटा भाऊ प्रणित आणि कमळाकरचा मुलगा मितेश यांच्याकडे. दोघंही हुशार, दोघंही कष्टाळू, आणि दोघंही एकमेकांना न विचारता खरेदी करणारे. प्रणितनं परदेशच्या गिऱ्हाइकांसाठी ॲप घेतलं. मितेशनं गल्ल्यावर वेगळं सॉफ्टवेअर बसवलं. पुढं प्रणितनं अजून एक घेतलं, कुठली मूर्ती कुठल्या दिवशी कुठल्या कामगाराच्या हातात जाईल ते ठरवणारं. त्यात परदेशच्या मूर्ती होत्या, बापाच्या हौसेच्या उंच मूर्ती होत्या. पाट नव्हते. पाट कुठल्याच कम्प्युटरात नव्हते. ते कमळाकरच्या टेम्पोतून आले आणि मागच्या पडवीत एकावर एक रचले गेले, नेहमीसारखे.

त्या साली हरतालिकेच्या दिवशी रोह्याकडची माणसं गणपती न्यायला आली, तर त्यांच्या मूर्ती तशाच पांढऱ्या. माती वाळलेली, रंगाचा हात नाही, डोळे नाहीत. मितेश हात जोडून उभा. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. अष्टमीची एक म्हातारी पुढं झाली नि म्हणाली, "नाय रंगवला तर नाय रंगवला, बाळा. पण आमच्या पाटावर बसव, आणि दे." मितेशनं मूर्ती पाटावर ठेवली. म्हातारीनं तिच्यावर नवा रुमाल घातला आणि निघाली. तिच्यामागून एकेक करून सगळे पांढरे गणपती गेले.

दुसऱ्या आठवड्यात मितेश म्हणाला, "मी वेगळा होतो. अर्धी जागा माझी, पाट माझे." प्रणित म्हणाला, "वेगळं कशाला व्हायचं? मुंबईचं एक मोठं सॉफ्टवेअर आहे, ते आणलं की सगळं जुळतं." त्याचा विक्रेता येऊनही गेला. चकचकीत बूट घालून शाडूच्या चिखलात उतरला आणि म्हणाला, सगळं होईल. शेवटी दोघांनीही निशिगंधेला फोन केला. ताईनं सांगावं, घ्यायचं की नाही.

ती आली, पदर खोचला आणि म्हणाली, "मी नाही सांगणार. आधी मला तुम्ही सांगा, कारखान्याला करायचंय काय?"

"गणपती," प्रणित म्हणाला.

"ते मलाही माहितेय, शहाण्या. कुणासाठी आणि कधी?"

तिनं मुसाभाईंकडून खोकी बांधायचा तपकिरी कागद मागून घेतला. मुसाभाई अष्टमीचे. परदेशी जाणाऱ्या मूर्ती पेंढ्यात बसवून खोक्यात भरायचं काम त्यांचं. कागद भिंतीला लावताना प्रणित म्हणाला, "बाबांचा फोटो तेवढा हलवू नको." फोटोत जनू आपल्या सगळ्यात उंच मूर्तीच्या पायाशी उभा होता. तिनं फोटोखाली कागद चिकटवला.

मग ती एकेकापाशी जाऊन बसली. प्रश्न दोनच. तुझ्या हातात काम कुठून येतं? तुझ्या हातातून कुठं जातं?

माती मळायला कातकरीवाडीतली चिमा असायची. ती म्हणाली, "मला काय गो बाय, सांगतील तेची माती मळायची. गेल्या सालाला दोघं सांगायला आलं. दोघंबी म्हनलं, आदी माजी."

"मग तू कुणाची मळलीस?"

"जो जवळ उबा व्हता तेची."

सगळे हसले. प्रणित हसला नाही, कारण कारखान्यात दिवसभर उभा असायचा तो. मितेश बाहेर पाटांच्या मागे फिरत असायचा.

मुसाभाई म्हणाले, "ताई, मे महिना संपायच्या आत खोकं बोटीवर नाय चढलं तर अमेरिकेचा गणपती दिवाळीला पोचेल. पण प्रणितभाईंचं ॲप काय झोपत नाय. श्रावणातपण कुणीतरी तिकडून बटण दाबतो. मग धावा, विमानानं पाठवा."

निशिगंधा ऐकत गेली आणि कागदावर चौकोन काढत गेली. परदेशच्या मूर्तींची एक रेघ, मंडळांच्या उंच मूर्तींची दुसरी, पाटांची तिसरी. तिन्ही रेघा वेगवेगळ्या निघाल्या आणि श्रावणात एकाच चौकोनात येऊन गुंतल्या. रंग आणि डोळ्यांची आखणी. मूर्तीला डोळे काढणं हे सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात नाजूक काम. ते करणारे हात मोजकेच, आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरनं वाढणार नव्हते. मुंबईचं मोठं सॉफ्टवेअर आणलं असतं तर त्यानं हीच गाठ जास्त वेगानं बांधली असती.

वरची ओळ भरायला सगळ्यात वेळ लागला. मितेशनं सांगितलं, "घरचे पाट चुकता कामा नयेत." तिनं लिहिलं. प्रणितनं सांगितलं, "आपली मूर्ती परदेशात जायला हवी." तेही लिहिलं. आणि मग तिनं पेन्सिल दुसऱ्या रेघेवर टेकवली.

"या उंच मूर्ती कशासाठी? वरच्या दोन्हींतल्या कुठल्या ओळीखाली घालू?"

चिमाचे हात मातीतच थांबले.

"बाबांसाठी," प्रणित म्हणाला.

आता बघा, कंपनीत असे प्रश्न तिनं कितीदा विचारले होते. कुणाचं खातं बंद होणार, कुणाची खुर्ची हलणार, तरी न डगमगता विचारले होते. पण तिथं भिंतीवर बाप नव्हता. त्या दिवशी रोह्याच्या एसटीत खिडकीशी बसून तिनं मनातल्या मनात खूप उलटसुलट केलं. 'बाबांसाठी' हेच वरच्या ओळीत लिहिलं तर? कारखान्यासाठी ते जन्मभर राबले, एवढा तर त्यांचा हक्क आहे. लिहायला कोण अडवणार होतं? पण वर लिहिलेलं खाली कुणाच्यातरी हातांनी करावं लागतं. ते हात श्रावणात कुठून आणायचे? तिघांचं सगळं हवं म्हटलं तर पुन्हा कुणाचातरी गणपती पांढरा जाणार, आणि कारखान्याच्या मधोमध भिंत येणार. एक सोडलं तर दोन टिकतील. आणि सोडायचं ते तिच्याच बापाचं.

दुसऱ्या दिवशी तिनं हे जसंच्या तसं सांगितलं. ठरवलं नाही, नुसतं दाखवलं. प्रणित ताडकन उठला.

"बाबांचं काम पुसायला आलीस तू? हे शिकलीस एवढी वर्षं कंपनीत?"

"पुसत नाही रे. कुठं बसवू ते विचारतेय. तू जागा दाखव, मी बसवते."

"काकांच्या मनासारखं झालं म्हण ना!"

कमळाकर तिथंच खाटेवर बसला होता. जन्मभराचं भांडण तो जिंकत होता आणि हरायला समोर कुणी नव्हतं. तो इतकंच म्हणाला, "दादा असता तर तीनदा भांडला असता माझ्याशी. मी ऐकून घेतलं असतं. आज ऐकायला कान आहेत आणि भांडायला तो नाय."

प्रणित निघून गेला. दिवाळी झाली. भाऊबीजेला बहिणीकडे आला, जेवला, ओवाळून घेतलं, आणि "करंजी छान झालीय" याउपर एक शब्द न बोलता गेला. कारखान्यात मात्र रोज त्या कागदासमोर उभा राहायचा, असं मितेश सांगे. चहा तिथंच प्यायचा. एके सकाळी त्यानं फोन उचलला आणि मंडळांना एकेक करून कळवलं, पुढच्या वर्षापासून उंच मूर्ती आमच्याकडे होणार नाहीत. मग ताईला फोन लावला.

"आता कुठलं सॉफ्टवेअर घेऊ ते तरी सांग."

घ्यायचं फार थोडं होतं. परदेशचं ॲप उन्हाळ्यात ठराविक दिवशी बंद व्हायला लागलं. बटण दाबलं की 'पुढच्या वर्षी' असं उत्तर येई. पाट टेम्पोत चढवतानाच फोननं त्याचा फोटो काढायचा आणि तो त्याच कम्प्युटरात जायचा, जिथं परदेशच्या मूर्ती असतात. माती कुणाची आधी मळायची ते एकाच ठिकाणाहून चिमाला कळायला लागलं. प्रणितकडे वर्षाचा पहिला भाग, परदेशच्या मूर्तींचा; मितेशकडे दुसरा, पाटांचा; आणि आखणीचे हात दोघांचे. मुंबईच्या विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवलं.

पुढच्या हरतालिकेला सगळे गणपती रंगून, डोळे उघडून आपापल्या पाटांवर बसले. एकाच्या पितांबराला जांभळा रंग गेला आणि रोह्याच्या एका काकूंनी मितेशला चांगलं फैलावर घेतलं. पण ते ऐकायलाही बरं वाटलं म्हणे त्याला. वाटणीचं नाव पुन्हा निघालं नाही. उंच मूर्ती गेल्या त्या मात्र गेल्याच. प्रणितला त्याचं वाईट वाटायचं राहिलं नाही असं नाही. अनंत चतुर्दशीला टीव्हीवर मिरवणुका लागल्या की तो उठून बाहेर जायचा. निशिगंधाही बघायची नाही.

तिला एक पक्कं ठाऊक होतं. कागद एकदा काढून भागत नाही. माणसं बदलतात, गिऱ्हाइकं बदलतात, कुणाचा हात दुखायला लागतो, कुणाच्या हाती नवा फोन येतो, आणि भिंतीवरचा कारखाना तसाच राहतो. म्हणून विसर्जनं झाली की दर वर्षी ती पेणला यायची आणि एकेकाला विचारायची, "या वर्षी काय बदललं?" नोकरी संपली, नवरा गेला, तरी हे काम तिनं सोडलं नाही. नंतर छातीचं दुखणं निघालं. डॉक्टरनी प्रवास नको म्हटलं. ती म्हणाली, "पेण काय परदेश आहे?"

त्या वर्षीही ती आली. ही तिची शेवटची फेरी, हे कुणाला ठाऊक नव्हतं. दारातल्या स्टुलावर बसून दम घेतला. मितेश म्हणाला, "ताई, फोनवर विचारलं असतंस तरी चाललं असतं."

"फोनवर माणसं सगळं ठीक आहे म्हणतात रे."

मग ती चिमापाशी गेली आणि मातीच्या शेजारी गोणपाटावर बसली.

"काय बदललं गो, चिमा?"

"काय नाय बाय. गुडगं धरल्यात. वाकून मळायला नाय जमत आता."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"इचारलं कुनी?"

निशिगंधेनं चिमाच्या चौकोनाशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, मळायची जागा कमरेएवढी उंच करणे. प्रणितला हाक मारून ते वाचून दाखवलं. त्यानं सुताराला फोन लावला की नाही ते समोर उभं राहून पाहिलं. मग मुसाभाईंकडे गेली, मग आखणीवाल्यांकडे. पेन्सिल पर्समध्ये टाकली, मितेशनं दिलेलं पापडांचं पाकीट घेतलं, आणि रोह्याची एसटी लागली होती तिच्यात चढून पुढची खिडकी धरून बसली.