कंदीलपुष्प, कंदासकट

जांभूळ गावाच्या वरच्या उतारावर मला कंदीलपुष्प सापडलं तेव्हा मी एम.एस्सी.ला होते. घर अंबरनाथला, कॉलेज उल्हासनगरला, आणि प्रोजेक्टसाठी पावसाळाभर बदलापूरकडचे डोंगर पालथे घालत होते. या झाडाची पानं गवतासारखीच असतात. फूल नसेल तर शेजारून जाल आणि कळणारही नाही. फूल म्हणजे बोटभर नळी, तळाशी फुगीर, आणि वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेला छोटा कंदील. प्रजातीचं शास्त्रीय नाव सेरोपेजिया. तिच्या कितीतरी जाती सह्याद्रीबाहेर कुठे मिळतच नाहीत.

जात ठरते फुलाच्या आतल्या भागांवरून. म्हणून मी एकच फूल स्पिरिटच्या बाटलीत घेतलं आणि आमच्या गाइड सरांना दाखवलं. ते बराच वेळ मायक्रोस्कोपवरून उठले नाहीत.

"हे पुस्तकात कशाशीच जुळत नाही," ते म्हणाले. "नवीन जात असू शकते. जागा दाखव."

रविवारी ते दोन माणसं आणि खुरपी घेऊन आले. मला वाटलं, एखादं झाड नेतील. त्यांनी पहिलं काढलं, दुसरं काढलं, मग थांबलेच नाहीत.

"सर, थोडी राहू द्या ना."

"नमुने चार संस्थांना पाठवावे लागतात. कंदासकट."

मूठभर झाडं होती, सगळी वाळवायला वर्तमानपत्रात दाबली गेली.

घरी बाबांना सांगितलं. ते कारखान्यातून नुकतेच आले होते. "मग तू काय बोललीस?"

"काय बोलणार? सर आहेत."

"सर आहेत म्हणून काय झालं? मान खाली घालायचे दिवस आपल्या घरातून कधीच गेले."

काही आठवड्यांनी तज्ज्ञांचं उत्तर आलं. जात जुनीच होती, फक्त नळी जरा आखूड. सरांनी वाळलेल्या झाडांचा गठ्ठा टेबलावर टाकला. "फुकट खटाटोप झाला."

माझं डोकं फिरलं. "सर, जुनी असो की नवी, त्या उतारावर आता ती नाहीये."

"इमोशनल होऊ नकोस. हे सायन्स आहे."

"सायन्सला एक झाड पुरलं असतं. बाकीची तुमच्या नावासाठी उपटलीत."

लॅबमधले सगळे बघत राहिले. सर शांतपणे म्हणाले, "तुझ्या प्रोजेक्टवर मी सही करणार नाही."

नाही केली. एका मॅडमनी मला घेतलं, आणि मी वालधुनी नदीच्या काळ्या पाण्यातल्या शेवाळावर काम केलं. माझं एक वर्ष गेलं. बाबांनी पुढच्या वर्षाची फी भरली.

पुढच्या पावसाळ्यात जांभूळला गेले. एखादा कंद मातीत चुकून राहिला असेल, एवढीच आशा. दिवसभर गुडघ्यांवर रांगत गवत बाजूला सारत राहिले. काही मिळालं नाही. त्या गठ्ठ्यातलं वाळलेलं झाड चिकटवलेला एक कागद अजून कुठल्यातरी कपाटात असेल, खाली शोधणारा म्हणून सरांचं नाव असेल. ते आठवलं की आजही माझ्या कानशिलात रक्त चढतं.